दूधदाणीची चोच

लोकांच्या तोंडात डोकावण्यात त्याचा जन्म गेला. तो डॉक्टर मात्र नव्हता. डॉक्टर पुढच्या खोलीत, पांढऱ्या कोटात, खुर्ची वरखाली करत असायचे, आणि हा मागच्या खोलीत, खिडकीलगतच्या बाकावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेपुढे. पुढून साचा यायचा, मागून दात जायचे. पेशंटला हा कधी दिसला नाही आणि ह्याला पेशंटचा चेहरा कधी दिसला नाही. एखाद्या समारंभात कोणी अनोळखी माणूस मनापासून हसला की हा मनातल्या मनात म्हणायचा, वरचे डावीकडचे दोन आपले. पण तसं जाऊन सांगायची सोय नव्हती. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

नोकरीत बोलायला कोणी नसलेल्या माणसाला काहीतरी नाद लागतोच. ह्याला लागला तो रेल्वेच्या जुन्या डायनिंग कारमधल्या वस्तू जमवण्याचा. कप, बशा, मीठ-मिरीच्या कुप्या, टोस्ट उभे ठेवायची तारेची जाळी, नॅपकिनच्या कड्या, तेलाचे डाग पडलेली मेनूकार्डं, चांदीचा मुलामा उडालेल्या किटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी सोफा असतो तिथे, ह्याच्या घरी काचेचं कपाट होतं. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे बसायला जागा नाही, पण तीस जणांना सूप देता येईल. अर्थात, हे प्यायला देणार नाहीत."

गंमत म्हणजे डायनिंग कारमध्ये तो उभ्या आयुष्यात कधी जेवला नव्हता. नऊ वर्षांचा असताना आईबरोबर सगळ्यात स्वस्तातल्या डब्यात खिडकीशी बसला होता, आणि शेजारच्या रुळावर दुसरी गाडी येऊन थांबली. समोर नेमकी तिची डायनिंग कार. पांढऱ्या कोटातला वेटर एका बाईंच्या कपात चहा ओतत होता. तेवढ्यात गाडीने हिसका दिला. वेटर कमरेपासून वर आख्खा डुलला, पण किटलीचा हात जागच्या जागी, आणि चहाची धार कपातच. गाडी गेली. आईने विचारलं, काय बघतोस? ह्याला सांगता येईना. पुढे तो कमावता होईपर्यंत डायनिंग कार बंद झाल्या होत्या आणि जेवण पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायला लागलं होतं.

मग जुन्या सामानाच्या दुकानांतून, भंगारवाल्यांच्या मागल्या दारांतून, मेलेल्या माणसांच्या घरातल्या उघड्या खोक्यांतून तो वस्तू शोधत फिरला. कप हातात घेतला की आधी उलटा करायचा. डायनिंग कारचा कप बुडाला जड असतो, गाडी हलली तरी कलंडू नये म्हणून. किटलीची चोच आखूड असते. स्टेशनवरच्या उपाहारगृहाचे कप दिसायला अगदी तसेच, पण बुडाला हलके. सुरुवातीची दोन वर्षं त्याने मोठ्या हौसेने स्टेशनचेच कप गोळा केले होते. ते बाईंनी त्याला सांगितलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नव्हतं, भाऊ नव्हता, दूरच्या गावी एक भाची होती. तीस वर्षं मुलांना नकाशे भरायला लावल्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीला एक जागा असते आणि ती चुकली की गुण कापायचे, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच वाजता त्यांच्या घरी ह्याच नादातली माणसं जमत. एक सिग्नलमन, छापखाना चालवणारे दोघे भाऊ, एक नर्स, एक बेकरीवाला, बाई आणि हा. अशी सात डोकी.

बैठकीची रीत ठरलेली होती. बाई टेबलावर पांढरी चादर घालायच्या आणि ती पाणी शिंपडून ओलसर करायच्या, कारण डायनिंग कारमध्ये बशा घसरू नयेत म्हणून चादर ओलीच ठेवत. मग ज्याने जे नवीन आणलं असेल ते मधोमध ठेवायचं. प्रत्येकाने डोळे मिटून त्याच्या कडेवरून एक बोट फिरवायचं, आणि मगच डोळे उघडून वस्तू उलटी करायची. डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं, असं बाईंचं म्हणणं. वस्तू कुठे जोडलेली असेल तर मालकाने आणतानाच तिच्या बुडाला तांबडा ठिपका लावायचा. हा नियम बाईंनीच केला होता. "तुटलेलं असू दे, जोडलेलं असू दे, मला काही नाही त्याचं," त्या म्हणत. "पण लपवलं तर पुढच्या रविवारी त्या माणसाने आपल्या घरी चहा घ्यावा."

बाईंच्या कपाटात वरच्या फळीवर किनारा मेलचा चहाचा सेट होता. किटली, साखरदाणी, दूधदाणी आणि सहा कप-बशा. पांढऱ्या चिनीमातीवर काठाला निळी रेघ, पोटावर चाक आणि त्याखाली तीन लाटा. अकरा वर्षं लागली होती तो पुरा करायला. कशालाही टवका नाही, कशालाही ठिपका नाही. बैठकीचा चहा अर्थातच काचेच्या साध्या पेल्यांतून मिळायचा. "हा सेट ज्या दिवशी या घरातून जाईल," बाई सांगायच्या, "त्याच्या आदल्या बैठकीला यातून चहा देईन. तोवर बघून घ्या." कवळीवाला बघून घ्यायचा. त्याच्या मनात आयुष्यात एवढी एकच खाज राहिली होती, की डायनिंग कारच्या खऱ्या कपातून, खऱ्या किटलीतून ओतलेला चहा एकदा प्यावा. घरी त्याच्याकडे कप होते, किटल्या होत्या, पण सगळे वेगवेगळ्या गाड्यांचे. मेळ नसलेल्या भांड्यांतून चहा पिणं म्हणजे एकाचा वरचा जबडा आणि दुसऱ्याचा खालचा लावून जेवण्यासारखं, असं तो बायकोला म्हणाला होता. बायको म्हणाली, "जेवताना तरी जबड्यांचं काढू नका."

एका वर्षी मंडळाने छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. छापखानेवाले भाऊ छापणार, आणि किनारा मेलचं ते चाक आणि लाटा कवळीवाल्याने काढायच्या, कारण त्याच्यासारखा बारीक हात कोणाचा नव्हता. बाईंनी लोकरीच्या टोपीत गुंडाळून दूधदाणी त्याच्या हवाली केली. आठ दिवसांसाठी. सेटमधली वस्तू घराबाहेर जाण्याची ती पहिली वेळ होती.

दुपारच्या सुट्टीत चित्र काढता यावं म्हणून त्याने ती कामावर नेली. तिसऱ्या दिवशी बाकावरचा लोखंडी जबडा, ज्यात कवळी बसवून चावून बघतात तो, त्याच्या कोपराचा धक्का लागून आडवा झाला आणि दूधदाणीच्या चोचीवर आपटला. आवाज फार झाला नाही. चोचीचा नखाएवढा तुकडा गेला, आणि गेला तोही अख्खा नाही, चुरा होऊन.

आता सरळ उठून बाईंकडे जायचं आणि सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण जे काम आपल्याला येतं ते समोर असलं की माणूस आधी काम करतो आणि विचार मागाहून. ह्याला तर नेमकं तेच येत होतं. मोडलेल्याच्या जागी न मोडल्यासारखं काहीतरी बसवणं, हाच त्याचा धंदा होता.

रविवारी दवाखाना बंद असताना तो मागच्या दाराने आत गेला. तुटण्याआधीच चोचीचं चित्र काढून झालेलं होतं, मापासकट. दाताच्या पोर्सिलेनच्या पावडरी काढल्या. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची पट्टी असते. ती दूधदाणीला लावून लावून पाहिली, आणि शेवटी साठीतल्या, भरपूर चहा पिणाऱ्या माणसाच्या सुळ्याची छटा जुळली. पहिला तुकडा भट्टीत तडकला. दुसरा केसभर जाड झाला. तिसरा बसला. काठाची निळी रेघ त्याने दोन केसांच्या कुंचल्याने काढली, दात चिकटवायच्या सिमेंटने तुकडा बसवला, सांधा घासून घासून नाहीसा केला. मग डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. तेव्हा त्याला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त वाटला तो अभिमान. इतक्या वर्षांच्या धंद्यातलं त्याचं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते कोणालाच दाखवता येणार नव्हतं.

आठव्या दिवशी त्याने दूधदाणी परत नेली. बाईंनी टोपी सोडली, डोळे मिटले, कडेवरून पूर्ण एक फेरी बोट फिरवलं. "छान," त्या म्हणाल्या. "जपलीत." आणि तिला फळीवर तिच्या जागी ठेवलं. ह्याने ठरवलं, पुढच्या बैठकीला सांगू. पुढच्या बैठकीला नर्सचा वाढदिवस निघाला. त्याच्या पुढच्या वेळी बाईंना सर्दी होती. सांगायचं राहिलेलं काम जसजसं जुनं होतं तसतसं ते अवघड होत जातं, आणि ह्याने तर त्याला भरपूर जुनं होऊ दिलं.

आठ महिने झाले असतील. त्या रविवारी बेकरीवाला एक कप घेऊन आला. बेकरीवाला मंडळात सगळ्यात उशिरा आलेला, सगळ्यात हौशी, अंगाला कायम पावाचा वास. मंडळाच्या दिवशी साडेचारलाच दुकान बंद करून यायचा. कप त्याने ओल्या चादरीवर असा ठेवला की जणू तान्हं मूल. बोटं फिरली. नर्सचं बोट कानाशी थांबलं. भिंगातून पाहिलं तर कान जोडलेला, गोंदाची रेघ स्पष्ट. बुडाला ठिपका नाही.

"मला खरंच माहीत नव्हतं," बेकरीवाला म्हणाला. "वर्षभर आहे माझ्याकडे. घेतला तसाच आहे."

बाईंनी चष्मा काढला. शाळेत त्या चष्मा काढायच्या तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वह्या उघडायची म्हणे. मग त्या कवळीवाल्याकडे वळल्या. जोडकामातलं त्याला कळतं, हे सगळ्यांना मान्य होतं. "तुम्ही सांगा. एखादी वस्तू वर्षभर घरात आहे, रोज हाताळतोय, आणि ती जोडलेली आहे हे मालकाला कळलंच नाही, असं होऊ शकतं का?"

बाईंच्या पाठीमागे कपाट होतं. वरच्या फळीवर दूधदाणी, चोच खोलीकडे करून. असं होऊ शकतं हे त्या खोलीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "कठीण आहे."

एवढंच म्हणाला. मग बेकरीवाल्याला मंडळातून काढायच्या बाजूने हात वर झाले. ह्यानेही केला. बेकरीवाल्याने रुमालात कप गुंडाळला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरला. बाईंनी त्याची खुर्ची भिंतीला लावली आणि पुढच्या विषयाला हात घातला.

त्यानंतर कवळीवाल्याने पाव त्या बेकरीतून आणणं बंद केलं. कोपऱ्यावरची जवळची बेकरी सोडून तो दोन चौक ओलांडून जायचा. बायको म्हणायची, "तिकडचा पाव म्हणजे नुसता स्पंज. जवळचा मेला काय वाईट होता?" हा म्हणायचा, चालणं होतं. बावीस वर्षं चालणं झालं. तेवढ्या काळात दवाखाना डॉक्टरांच्या मुलाकडे गेला, दात परगावाहून मशीनवर बनून यायला लागले, हा निवृत्त झाला, सिग्नलमनला ऐकू येईनासं झालं. मंडळ मात्र चालू राहिलं. सहा माणसं, सहा खुर्च्या.

मग बाईंना एक्याऐंशीवं लागलं आणि गुडघ्यांनी जिना नाकारला. भाची त्यांना आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेणार, असं ठरलं. किनारा मेलचा सेट रेल्वेच्या संग्रहालयाने मागितला होता. गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"सोमवारी अकरा वाजता त्यांचा माणूस येतोय सेट न्यायला. येत्या रविवारची बैठक इथली शेवटची. कपातून चहा आहे, विसरू नका."

"नाही विसरणार," हा म्हणाला. बावीस वर्षं काय, त्याआधीपासून तो ह्याचीच वाट पाहत होता.

"आणि एक काम आहे तुमच्याकडे. त्यांनी फॉर्म पाठवलाय. सगळ्या वस्तू मूळ अवस्थेत आहेत, दुरुस्ती केलेली नाही, असं जाणकाराच्या सहीनिशी लिहून द्यायचंय. तुमच्याशिवाय या सेटला कोणाचा हातसुद्धा लागलेला नाही. तेव्हा सही तुम्हीच करा. तो माणूस म्हणे कसलातरी जांभळा दिवा घेऊन येतो आणि अंधारात वस्तू तपासतो. तपासू दे. आपल्याला काय भीती?"

ह्याने फोन ठेवला आणि पलंगावर बसला. जांभळा दिवा म्हणजे काय, हे ह्याच्याइतकं कोणाला कळणार? ऐन उमेदीत असताना एका नाटकातल्या नटीने तक्रार केली होती की रंगमंचावर जांभळा उजेड पडला की तिचे पुढचे दोन खोटे दात दिसेनासे होतात, आणि प्रेक्षक हसतात. खरे दात त्या उजेडात चमकतात, जुन्या पोर्सिलेनचे चमकत नाहीत. तेव्हापासून त्याने चमक घातलेली नवी पावडर वापरायला सुरुवात केली होती. दूधदाणीची चोच त्याच पावडरीची. अख्खी दूधदाणी अंधारात विझलेली राहणार आणि चोच दातासारखी हसणार.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. बायको भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणून तो स्पंज खात होतो आपण."

"हो."

"मग असं करा. रविवारी जा, चहा प्या. इतकी वर्षं थांबलात त्यासाठी. सोमवारी सकाळी लवकर जाऊन बाईंना सांगा, तो माणूस यायच्या आत. फॉर्मवर सही नका करू म्हणजे झालं. दोन्ही साधतंय."

बायकोचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, आणि त्याने ते दिवसभर मनात घोळवलं. दोन्ही साधत होतं. पण शुक्रवारी दुपारी त्याने शर्ट बदलला आणि बाईंकडे गेला. का गेला, याचं मोठं कारण सांगण्यात अर्थ नाही. न सांगता गेलो तर रविवारी बाईंनी प्रेमाने ओतलेला चहा आपल्या घशाखाली उतरणार नाही, असं त्याला वाटलं, एवढंच.

बाईंच्या घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. टेबलावर फॉर्म आणि त्यावर पेन ठेवलेलं. "बसा," त्या म्हणाल्या. "तिथे, खाली सही."

"बाई, दूधदाणी काढता का?"

त्यांनी काढली. ह्याने उभ्यानेच सांगितलं. लोखंडी जबडा, चुरा, सोळा छटा, तिसरा तुकडा. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. नखाने चाचपडून पाहिलं.

"कुठे?"

ह्याने त्यांचं बोट धरून सांध्यावर नेऊन ठेवलं. बाईंनी बोट तिथे तसंच ठेवलं.

"लागत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही लागणार."

ह्याची बाकी सगळी तयारी होती. विश्वासघात, बावीस वर्षं, तोंड दाखवू नका, हे सगळं त्याने वाटेत स्वतःला ऐकवून झालं होतं. बाई त्यातलं काहीच बोलल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि दूधदाणी मांडीवर घेतली.

"बावीस वर्षं माझ्या कपाटात आहे," त्या म्हणाल्या, "आणि मला कळलं नाही." मग चष्मा काढला. "म्हणजे बेकरीवाला खरं बोलत होता."

ह्याने मान खाली घातली.

"मी त्या दिवशी सगळ्यांना सोडून तुम्हाला विचारलं. आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही म्हणालात, कठीण आहे."

"हो."

"हा दिवा नसता, तर सांगितलं असतंत?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि तसं सोपंही होतं. "नाही," तो म्हणाला.

बाईंनी खणातून तांबड्या शाईची बाटली काढली. झाकण घट्ट झालं होतं, ते ह्याच्याकडून उघडून घेतलं. दूधदाणी उलटी करून बुडाला ठिपका लावला, थोडा पसरला, तो तसाच राहू दिला. फॉर्मवर 'दुरुस्ती केलेली नाही' यातलं 'नाही' खोडून 'आहे, एके ठिकाणी' असं लिहिलं. मग काठी घेतली, दारामागची कापडी पिशवी घेऊन ह्याच्या हातात दिली.

"चला. पाव आणायचाय."

जिना उतरायलाच दहा मिनिटं लागली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने ह्याचा खांदा. रस्त्यात त्या दोनदा थांबल्या, एकदा बाकावर बसल्या. कवळीवाला ती पिशवी घेऊन शेजारून चालत राहिला. बावीस वर्षं टाळलेला कोपरा आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बेकरीची पाटी बदलली आहे. दार मात्र तेच होतं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचेमागे पावांचे ट्रे, भिंतीवर घड्याळ, आणि गल्ल्यावर बेकरीवाला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. बाईंना पाहून तो उभा राहिला, त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. ह्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बाई बसल्या नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्यानेच बोलल्या. शाळेत चुकीचे गुण दिले गेले तर शिक्षकाने वर्गासमोर सांगावं तसं, सरळ आणि मोजकं. "माझ्या दूधदाणीची चोच जोडलेली आहे. मला ते आज कळलं. तुम्ही त्या दिवशी खरं सांगत होतात. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

बेकरीवाल्याने फडकं उचललं आणि स्वच्छच असलेली काच पुसायला लागला. "जाऊ द्या बाई. किती वर्षं झाली."

"बावीस."

"मी तेव्हाच सगळं विकून टाकलं. सगळं म्हणजे सगळं." तो पुसत राहिला. "घरी मात्र सांगितलं नव्हतं, मला काढलं म्हणून. काय सांगणार? लपवाछपवी केली म्हणून काढलं, असं? बायकोला काय वाटलं असतं? महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेचारला दुकान बंद करायचो आणि कपडे बदलून निघायचो. स्टेशनवर जाऊन बसायचो. सात वाजले की घरी. ती विचारायची, आज काय काय पाहिलंत? मी काहीतरी सांगायचो." फडक्याची बाजू बदलून तो म्हणाला, "दोन वर्षं चाललं हे. मग म्हटलं, कंटाळा आला, सोडलं मंडळ."

कवळीवाल्याला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "चोच मीच जोडली होती. आठ महिने आधी. त्या दिवशी तुमचं खरं असू शकतं हे मला माहीत होतं."

बेकरीवाल्याचा हात थांबला. त्याने ह्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या गिऱ्हाइकाला आपण कुठे पाहिलंय हे आठवावं तसं. फडकं घडी करून बाजूला ठेवलं. ह्याहून शिव्या परवडल्या असत्या, असं कवळीवाल्याला वाटलं, आणि ते त्याला अगदी मनापासून वाटलं.

"परवा रविवार आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या घरातली शेवटची बैठक. किनारा मेलच्या सेटमधून चहा देणार आहे. कप सहाच आहेत, पण एक खुर्ची रिकामी झाली आहे. तुम्ही या."

त्यांनी कवळीवाल्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. नियम त्यांचाच होता आणि तो ह्याला पाठ होता.

"मला आता त्यातलं काही आठवत नाही, बाई," बेकरीवाला म्हणाला.

"बोटाला आठवेल."

बेकरीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग उगाच ट्रेकडे पाहिलं. "पाचलाच ना?" त्याने विचारलं.

"पाचलाच."

त्याने पाव बांधून गल्ल्यावर ठेवला. कवळीवाल्याने तो पिशवीत घातला. दुकानाला बाहेर दोन उंच पायऱ्या होत्या आणि चढतानाच बाईंचे हाल झाले होते. म्हणून हा लगबगीने पुढे होऊन खालच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने सवयीने खांदा पुढे केला. बाई दाराशी थांबल्या, काठी डाव्या हातात घेतली, आणि मागे वळून म्हणाल्या, "जरा हात देता?"

बेकरीवाला गल्ल्यामागून बाहेर आला.